अंगणातला खांब आणि आकाशातला उपग्रह



या मालेत बोलायला आम्हाला बोलावतात तेव्हा विषय आधी कळवावा लागतो. यंदा आम्ही फोनवर सांगितलं, ‘खांब’. संयोजकांना वाटलं, नरसिंहाचा खांब, प्रल्हादाची कथा, भक्ती आणि प्रमाण वगैरे. तत्त्वज्ञानाचा मास्तर दुसरं काय बोलणार? त्यांना म्हटलं, नाही हो, लोखंडी पाइपाचा खांब. ज्याच्यावर टीव्हीची डिश बसवतात तो. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “सर, चालेल की.” सोलापूरकर तसे उदार आहेत.

या विषयाकडे आम्ही कसे आलो ते आधी सांगतो. कारण त्यात एक चूक आहे आणि ती आमची आहे.

२०२० सालचा जुलै महिना. करोनामुळे शाळा बंद. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली होती. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची नात तेव्हा चौथीत होती. घरात स्मार्टफोन नाही. टीव्ही होता, पण केबलचे पैसे थकल्यामुळे बंद. आम्ही म्हटलं, एकदाच खर्च करून फ्री डिश बसवू, दरमहा पैसे द्यायला नकोत. डिश आणली, बसवणारा मुलगा आला. पण बसवायची कुठे? घर जुनं, अर्धं माळवदाचं, अर्धं पत्र्याचं. माळवदाला भोक पाडलं तर पावसाळ्यात घरात गळणार. पत्र्याखालचा वासा वाळवीने खाल्लेला. तेव्हा आम्हीच पुढे होऊन म्हणालो, अंगणात खांब पुरू.

मोरीच्या कडेला जागा मोकळी होती. गुडघ्याएवढा खड्डा काढला, पाइप उभा केला, दोन घमेली काँक्रीट ओतलं. नजरेने सरळ दिसला, म्हणून सरळ आहे असं धरून चाललो. चित्र छान आलं. मावशींनी आम्हाला चहा दिला. आम्ही खूश होऊन घरी गेलो.

सप्टेंबरच्या अखेरीस एकदा सहज विचारलं, “नातीचा अभ्यास कसा चाललाय?” मावशी म्हणाल्या, “कशाचा अभ्यास सर, टीव्हीच बंद केला की सरकारनं. वीस दिस झालं बगा.”

सरकारने काही बंद केलं नव्हतं. आमचा खांब कलला होता. वीस दिवस चौथीतल्या मुलीसमोर काळा पडदा, आणि आम्ही चार गल्ल्या पलीकडे पुस्तकं वाचत बसलेलो.

त्या खांबाने आम्हाला जे शिकवलं ते आज तुमच्यासमोर मांडायचं आहे. मुद्दा एकच आहे: डिशच्या कामात सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू खांब असते, आणि बाकीचं सगळं तिच्यावर उभं असतं.

‘स्थिर’ म्हणजे कोणासाठी स्थिर?

आधी आकाशाकडे बघू. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिचं प्रक्षेपण आज जीसॅट-१५ या उपग्रहावरून होतं. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आहे.

आपण त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतो. पण तो अजिबात स्थिर नाही. सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त, म्हणजे ताशी सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने तो धावतो आहे. आणि तुम्ही-आम्ही जे या सभागृहात स्वस्थ बसलो आहोत, तेही पृथ्वीबरोबर ताशी जवळजवळ १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललो आहोत. दोघांची फेरी एकाच वेळात पूर्ण होते, म्हणून तो आपल्याला एका जागी दिसतो. जत्रेतल्या चक्रपाळण्यात समोरच्या पाळण्यातला माणूस हलताना दिसत नाही, तसं. ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडली, तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की त्या बाजूने करार पाळला जातोय. उपग्रह रोज, प्रत्येक क्षणी, ठरलेल्या जागी हजर असतो. कराराची आपली बाजू एवढीच की डिशनेही हलायचं नाही. तिकडे रॉकेट लागलं, इंधन लागलं, शेकडो माणसांची बुद्धी लागली. इकडे एक पाइप सरळ ठेवायचा आहे, आणि नेमका तोच आपल्याला जमत नाही.

सोलापुरातून कुठे बघायचं?

उत्तर सोपं आहे: आग्नेयेला. गणित केलं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३४ अंश येतात, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय. वास्तुशास्त्रवाले ज्या कोपऱ्यात चूल मांडायला सांगतात ती दिशा. आणि वर किती? क्षितिजापासून सुमारे ६१ अंश. म्हणजे क्षितिजापासून डोक्याच्या वरच्या बिंदूपर्यंतचं जे अंतर, त्याच्या दोन तृतीयांश.

इथे एक गोंधळ होतो. डिश बघितली तर ती इतकी वर तोंड करून आहे असं वाटत नाही. कारण आपल्या घरगुती डिशा ‘ऑफसेट’ असतात. त्या मोठ्या वाडग्याचा एक बाजूचा तुकडा असतात. वरून आलेला किरण खालच्या दांडीवरच्या एलएनबीकडे परततो. त्यामुळे डिशचं तोंड जिथे आहे असं आपल्याला वाटतं, त्याच्या वीस-पंचवीस अंश वर ती खरं म्हणजे बघत असते. डोळे मिटल्यासारखे करून सगळ्या वर्गावर लक्ष ठेवणारे मास्तर तुम्ही पाहिले असतील.

आता दिशा शोधायची कशी? होकायंत्र चालेल, पण लोखंडी खांबाजवळ धरू नका, सुई फसते. आमच्या आवडीची रीत फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी मांडण्यासाठी ती सांगितली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे खुंटी, उभी करायची. तिच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ना बॅटरी, ना नेटवर्क. एकच अट: खुंटी ओळंब्यात हवी. म्हणजे त्या काळीही सगळं खांबापाशीच येऊन थांबत होतं.

आणखी एक युक्ती सांगतो, ही सोलापुरासाठीच. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या दृष्टीने बरोबर त्या उपग्रहाच्या मागून जातो. एकदा मार्चच्या मध्याला, सकाळी सव्वाअकराच्या आसपास, आणि एकदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अकराच्या जरा आधी. त्या वेळी सूर्याचा रेडिओगोंगाट डिशमध्ये शिरतो आणि काही मिनिटं चित्र बिघडतं. लोक डिशवाल्याला शिव्या देतात. पण हीच संधी आहे. त्या वेळी अंगणात जिथे ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो. जिथे कडुनिंबाची किंवा शेजारच्या गच्चीची सावली पडलीय तिथून दिसत नाही. खांबाची जागा ऊन दाखवून देतं. आमच्यासारखं उगाच मोरीच्या कडेला जायला नको.

शेजारच्या जिल्ह्यातली मोठी डिश

इथे थोडा इतिहास. अंगणातली डिश आपल्याला नवी वाटते, पण सोलापूरच्या वेशीपलीकडे ती पन्नास वर्षांपूर्वी आली होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात एक प्रयोग झाला. त्याचं नाव ‘साइट’. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला आणि इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन पोहोचवलं. शेती, आरोग्य, मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण कर्नाटकातले जिल्हे कोणते होते? विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. म्हणजे आपल्या दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांना लागून असलेला मुलूख. नदीच्या पलीकडे उपग्रहाचा टीव्ही, अलीकडे रेडिओ. या प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. मूळ स्वप्न विक्रम साराभाईंचं, पण ते बघायला साराभाई राहिले नाहीत. १९७१ च्या डिसेंबरमध्येच ते गेले.

त्या डिशा कशा होत्या? दहा फूट व्यासाच्या, आणि पत्र्याच्या नव्हेत, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. आता तुम्ही विचाराल, जाळीच्या भोकांतून लहरी निसटत नाहीत का? नाही, कारण त्या लहरी लांब होत्या, सुमारे ३५ सेंटिमीटर. लहरीच्या मानाने भोक फार लहान असलं की लहरीला ती जाळी भिंतीसारखीच. आजच्या लहरी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास आहेत. त्यांना गुळगुळीत पत्राच लागतो.

यातून एक गंमत निघते. वाटतं असं की मोठी डिश नाजूक आणि छोटी डिश चालवून घेणारी असेल. प्रत्यक्षात उलटं आहे. डिश किती रुंद नजरेने बघते हे लहरीची लांबी आणि डिशचा व्यास यांच्या प्रमाणावर ठरतं. त्या दहा फुटी जाळीची नजर सुमारे आठ अंश रुंद होती. आपल्या साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश. म्हणजे मधोमध रोखली तर दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. विजापूरच्या खेड्यात डिश दोन-तीन अंश कलली असती तरी चित्र टिकलं असतं. आपल्या अंगणात नाही. वस्तू लहान, स्वस्त आणि घरगुती झाली, पण खांबाकडून तिची अपेक्षा वाढली.

एक इंच म्हणजे किती?

दीड अंश म्हणजे किती ते हाताने मोजू. जमिनीपासून पाच फूट उंच खांब घ्या. त्याचं टोक एक इंच बाजूला गेलं की एक अंश झाला. दीड इंच गेलं की दीड अंश. झालं, नजर संपली. पाच फुटांवर दीड इंच डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आम्हाला दिसला नाही.

खांब सरळ हवा याचं दुसरंही कारण आहे. डिश दिशेला लावताना आपण तिला खांबाभोवती फिरवतो. खांब हा तिचा आस असतो. घरातल्या दाराचं उदाहरण घ्या. चौकट ओळंब्यात असेल तर दार जिथे सोडाल तिथे थांबतं. चौकट कललेली असेल तर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, कारण फिरता फिरता ते वर-खालीही होत असतं. तसंच डिशचं. खांब कललेला असेल तर तुम्ही तिला नुसती डावी-उजवीकडे फिरवताय असं तुम्हाला वाटतं, पण उंचीही बदलत असते. मग क्लॅम्पवरचे अंश खोटे ठरतात. बसवणारा घामाघूम होतो, घरातून कोणीतरी ओरडतं, “आलं, आलं... गेलं!” हा संवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक गच्चीवर झालेला आहे. त्यातला बराचसा खांबाच्या खाती जमा आहे.

आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगायचो, युक्तिवाद कोसळतो तो बहुधा शेवटच्या पायरीवर नव्हे, गृहीतकात. पण गृहीतक कोणी तपासत नाही, कारण ते नजरेला सरळच दिसतं.

आता ‘सरळ’ म्हणजे काय? ओळंबा सांगतो ते. आणि ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे बोट दाखवतो. म्हणून सोलापूरचा ओळंबा आणि पुण्याचा ओळंबा समांतर नाहीत. त्यांच्यात सुमारे दोन अंशांचा फरक आहे. दोन्ही खरे, दोन्ही सरळ, पण एकमेकांना कललेले. म्हणून पुण्याच्या पाहुण्याने सांगितलेले अंश सोलापुरात तसेच लावू नयेत. प्रत्येक गावाचा आकडा वेगळा.

काळी माती: आमची प्रिय शत्रू

मग खांब कलला का? वाऱ्याने? वळवाच्या पावसात शंभर किलोमीटरचा वारा आला तर साठ सेंटिमीटरच्या डिशवर साधारण पंधरा-सोळा किलोंचा जोर येतो. तोही पाच फूट उंचीवर, म्हणजे पहारीने उचकटल्यासारखा. हे कारण असू शकतं. पण सोलापूर जिल्ह्यात पहिला संशय मातीवर घ्यावा.

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना पाण्याची विलक्षण ओढ असते. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात सुकली की आकसते आणि भेगाळते. याच गुणामुळे ती ओल धरून ठेवते आणि आपली मालदांडी ज्वारी रब्बीत, पाऊस गेल्यावर, त्या ओलीवर पिकते. ज्या गुणाने भाकरी मिळते त्याच गुणाने भिंतींना तडे जातात. मातीला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या खांबाचं काय झालं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. खड्डा गुडघ्याएवढा, म्हणजे पूर्णपणे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थरात. एका बाजूला मोरी, तिथली माती बारा महिने ओली. दुसऱ्या बाजूची कोरडी. सप्टेंबर हा आपल्याकडचा सर्वांत ओला महिना. पाऊस पडला तसा कोरड्या बाजूने फुगवटा धरला आणि काँक्रीटच्या गोळ्याला मोरीकडे ढकललं. दोन घमेल्यांचा गोळा, तो काय विरोध करणार? दाढ हलावी तसा हलला.

मग करायचं काय?

दुसऱ्यांदा खांब पुरला तेव्हा आम्ही एका जुन्या गवंड्याला सोबत घेतलं. त्याने जे केलं आणि आम्ही त्यातून जे समजून घेतलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, जागा. पाणी साचत नाही अशी. मोरी, नळ, पागोळ्या यांच्यापासून लांब. आणि डोक्यावर विजेची तार नाही अशी. नुसतं ‘वर तार नाही’ एवढं पुरत नाही. खांब कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये.

दुसरं, खोली. मुरूम लागेपर्यंत खणायचं. सोलापूर शहरात कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठे काळी माती पुष्कळ खोल. मुरूम फुगत नाही. खांबाचा पाय मुरमात गेला की निम्मी काळजी मिटली. मोघम नियम हवा असेल तर पाइपाचा एक तृतीयांश जमिनीत. आठ फुटी पाइप असेल तर अडीच-तीन फूट खाली, पाच वर.

तिसरं, खड्ड्याचा आकार. आपण खणतो तेव्हा खड्डा साहजिकच वर रुंद, खाली निमुळता होतो. काळ्या मातीत हे नेमकं चुकीचं. फुगणारी माती त्या निमुळत्या गोळ्याला पाचरीसारखं वर उचलते. उलट करायचं: वर अरुंद, तळाशी रुंद. तळ रुंद असला की वरच्या मातीचं वजनच त्याला दाबून धरतं. मोठ्या इमारतींसाठी हेच तत्त्व वापरून रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असे काँक्रीटचे पाय विकसित केले. आमच्या गवंड्याला रुरकी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “सर, मुळा उपसतो, कांदा अडतो.” तत्त्व तेच.

चौथं, पाइप. डिशच्या क्लॅम्पात बसेल असा, बहुधा दीड ते दोन इंची, जाड अंगाचा जी.आय. पाइप. खालच्या टोकाला भोक पाडून आडवी सळई घालावी. नाहीतर काँक्रीट घट्ट राहतं आणि गुळगुळीत पाइप त्यात वाऱ्याने फिरतो. वरच्या तोंडाला टोपण, म्हणजे आत पाणी साचून गंजणार नाही.

पाचवं, काँक्रीट. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. खड्ड्याच्या तळाशी थोडी खडी, मग पाइप, मग काँक्रीट. वरचा भाग जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी खांबाकडे न येता बाहेर जाईल. खांबाभोवतीची फूटभर काळी माती काढून तिथे मुरूम ठोकला तर फारच उत्तम.

सहावं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओळंबा. एका बाजूने नाही, दोन बाजूंनी. समोरून बघितलं आणि सरळ दिसला, तरी तो तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर कललेला असू शकतो. म्हणून काटकोनात दुसऱ्या जागी उभं राहून पुन्हा बघायचं. काँक्रीट ओतण्याआधी, ओतल्यावर आणि अर्ध्या तासाने परत. मग दोन-तीन बाजूंनी टेकू देऊन ठेवायचं. सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर डिश चढवायची नाही. सगळ्यांची घाई इथेच होते. आमचीही झाली होती.

सातवं, वीज. खांब जमिनीत पुरला म्हणजे त्याला अर्थिंग झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीतला काँक्रीटचा गोळा हा काही भरवशाचा अर्थ नव्हे. खांबाला तांब्याची तार लावून ती घराच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्यावी, आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. खांबाचं वेगळं अर्थिंग आणि घराचं वेगळं असं तुटक ठेवू नये. जवळपास वीज पडली तर दोन अर्थिंगमध्ये दाबाचा फरक होतो आणि तो तुमच्या टीव्हीच्या पोटातून मार्ग काढतो. थेट पडणारी वीज मात्र हे काहीच थोपवू शकत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा आणि डिशची केबलही काढून ठेवायची. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, घरात येत नाही.

धूर आणि अग्नी

आता आमच्या शास्त्राकडे येतो. न्यायदर्शनातलं प्रसिद्ध अनुमान तुम्हाला माहीत आहे: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. हे चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे.

मावशींनी काय केलं? पडद्यावर चित्र नाही, म्हणून प्रक्षेपण बंद. हेतू दिसतो ठीक. पण चित्र नसणं हे प्रक्षेपण बंद असतानाही घडतं आणि खांब कलला असतानाही घडतं. जो हेतू दोन्हीकडे सापडतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणखी खूण शोधावी लागते. शेजारच्या घरी फ्री डिश दिसते का? दिसत असेल तर दोष आपल्या अंगणात आहे. जोराच्या पावसातही चित्र जातं, पण पाऊस थांबला की परत येतं. पाऊस थांबूनही आलं नाही, तर ओळंबा काढा.

पण मंडळी, हे शास्त्र आम्ही मावशींना त्या दिवशी सांगितलं नाही. तोंडच नव्हतं. त्यांच्या अनुमानात दोष होता हे खरं, पण त्यांची व्याप्ती कुठून आली? आयुष्यभर त्यांनी बघितलं की गरिबाला मिळालेली वस्तू काही दिवसांनी बंद होते आणि कोणी कारण सांगत नाही. रेशन बंद, नळ बंद, गिरणी बंद. त्या अनुभवावरून टीव्ही बंद हे त्यांना अगदी सुसंगत वाटलं. तक्रार करावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि आमचं अनुमान काय होतं? मावशी काही बोलत नाहीत, म्हणून सगळं ठीक आहे. तोही सव्यभिचार हेतूच. त्यांच्यापेक्षा आमची चूक मोठी, कारण आम्ही हे शास्त्र शिकवून पगार घेतला होता.

नवा खांब पुरला तेव्हा नातीने ओळंबा धरला. दुसऱ्या बाजूनेही तिनेच बघितलं आणि गवंड्याला म्हणाली, “काका, जरा शाळेकडं घ्या.” तिच्या लेखी ती एक दिशा होती. तो खांब अजून उभा आहे.

प्रश्नोत्तरे

*आमच्या घरी स्लॅब आहे. मग जमिनीत खांब कशाला?*

गरज नाही. चांगल्या स्लॅबवर डिश बसवणं सोपं आणि स्वस्त. खांब जमिनीत पुरायचा तो माळवद, पत्रा, कौल असेल तेव्हा, किंवा भाड्याच्या घराचा मालक भोक पाडू देत नसेल तेव्हा. मात्र स्लॅबवरही पाय ओळंब्यातच हवा.

*कललेला खांब तसाच ठेवून डिश पुन्हा लावली तर?*

चित्र येईल, नाही असं नाही. पण जी माती या पावसाळ्यात ढकलते ती उन्हाळ्यात आकसते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ढकलते. दरवर्षी डिशवाल्याला पैसे द्यावे लागतील.

*खांब सरळ आहे हे घरच्या घरी कसं तपासायचं? आमच्याकडे ओळंबा नाही.*

दोरीला दगड बांधा, झाला ओळंबा. पण एक सुंदर रीत आहे. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात, १० किंवा ११ तारखेच्या सुमारास, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी १२ वाजून २२-२३ मिनिटांनी सरळ खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते. डिश चढवण्याआधीचा नुसता पाइप असेल तर उत्तमच. डिश असेल तर शेजारी एक काठी ओळंब्यात रोवा आणि खांबाचा उघडा भाग तिच्याशी ताडून बघा. कुठल्या बाजूला सावली उरली तर त्या बाजूला खांब कलला.

*म्हणजे वर्षातून एकदा तपासलं की पुरे?*

दोनदा. मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, एकदा. आणि खांब तुमच्या अंगणात नसून दुसऱ्याच्या अंगणात तुम्ही पुरला असेल, तर अधूनमधून जाऊन विचारा, “टीव्ही दिसतोय का?” एवढंच.